नेत्रावळीच्या खोऱ्यात हिवाळी शिबिर: पालकांच्या बाजूच्या नोंदी

२३ नोव्हेंबर: जागा आणि कागद

शिबिर २७ ते २९ डिसेंबर, दोन रात्री. मुले २४, वय ११ ते १५. गटाचे एक ताई, एक दादा आणि तीन पालक. खेळ, भटकंती, शेकोटीची गाणी हे ताई-दादांचे काम. तंबू, अंथरूण-पांघरूण, जेवण, औषधपेटी आणि गाडी पालकांकडे. ही वाटणी पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून घ्यावी, नाहीतर शिबिरात प्रत्येक पालक आपल्याच मुलाच्या तंबूभोवती घुटमळत राहतो.

जागा गोव्याच्या सांगे तालुक्यात, नेत्रावळीच्या बाजूला, एका भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) कुळागरालगत (सुपारी-नारळाच्या बागेलगत). नेत्रावळी अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र २११ चौरस किलोमीटर. कितीतरी गावे आणि खासगी बागायती त्याच्या आत किंवा अगदी कडेला आहेत. त्यामुळे 'जागा खासगी आहे' एवढ्यावर विसंबू नये. भाटकाराकडून एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) घेतला, सर्व्हे नंबर वनखात्याच्या कार्यालयात दाखवला आणि जमीन हद्दीबाहेर असल्याची खात्री करून घेतली. हद्दीच्या आत मुक्काम करायचा तर परवानगी लागते आणि तिथे आग लावायला कायद्यानेच बंदी आहे. भाटकाराचे लेखी संमतिपत्र, पंचायतीला आणि पोलीस स्थानकाला माहितीपत्र, प्रत्येकाच्या तीन प्रती. या कागदांत दोन आठवडे जातात, म्हणून सुरुवात इथूनच.

७ डिसेंबर: केप्यातल्या अंगणात पहिली चाचणी

चार तंबू उभे केले, तिघांचे घुमटी. अंगण जांभ्याचे. तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या म्हणजे चार मिलिमीटरची तार, वर वाकवलेली. जांभ्यात त्या दोन इंच जातात आणि वाकतात. निम्म्याहून जास्त खुंट्या पहिल्याच तासात बाद. हातोडा मोठा घेतला तर लवकर वाकतात, एवढाच फरक.

त्या रात्रीपुरते कोपऱ्यांना चिरे लावले. चिऱ्याला दोरी गुंडाळताना ती धारदार कडेवर येऊ देऊ नये, वाऱ्याने तंबू हलत राहिला की सकाळपर्यंत दोरीचे पदर तुटतात. दोरीखाली सुतळीच्या पोत्याचा तुकडा घातला की भागते. पण चिरा उचलणे हे मुलांचे काम नाही, पायावर पडला तर शिबिर तिथेच संपले.

रात्रीचे तापमान २१ च्या खाली गेले नाही, तरी पहाटे दोन तंबूंतली अंथरुणे ओली. कारणे दोन निघाली. तंबूखालची ताडपत्री तळापेक्षा मोठी होती, चारी बाजूंनी वीतभर बाहेर. बाहेरच्या कापडावरचे दंव ओघळून ताडपत्रीवर पडले आणि तिथून सरळ तंबूच्या पोटाखाली गेले. ताडपत्री तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटे लहानच हवी. मोठी असेल तर कडा खालच्या अंगाला दुमडायची, वर नव्हे.

दुसरे कारण, बाहेरचे आणि आतले कापड एकमेकांना चिकटले होते. मुलांना थंडी वाजेल म्हणून वरच्या जाळीच्या झडपा कोणीतरी बंद केल्या. तिघांच्या श्वासाचे पाणी मग आतच जमते, आणि झोपेत कोपर लागले की कापड पाझरते. झडपा दोन्ही बाजूंच्या उघड्या, बाहेरच्या कापडाच्या दोऱ्या ताणलेल्या. गोव्यात डिसेंबरात तंबू बंद करून ऊब धरण्याचा हिशेब उलटा पडतो, कारण इथे मुलाला गारठवते ते मुख्यतः ओल.

पालकांपैकी कोणाकडे हिमाचलच्या सहलीतल्या शून्य अंशाच्या झोपपिशव्या होत्या. त्यांत निजलेली मुले अकराच्या सुमारास घामाने भिजली, पिशवी उघडून बाहेर झोपली आणि चार वाजता त्याच घामाच्या बनियनमध्ये कुडकुडत उठली. या पिशव्या इथे आणू नयेत, भाड्याने तर मुळीच नाही.

१० डिसेंबर: खुंट्या

बांधकामाची १० मिलिमीटरची सळी १२ मीटर लांब येते. ३० सेंटिमीटरचे तुकडे केले की बरोबर ४० खुंट्या, म्हणजे दहा तंबूंचे चार-चार कोपरे. लोहाराकडून एका टोकाला अणी आणि दुसऱ्या टोकाला पाच सेंटिमीटरचा आकडा करून घेतला. सळी आणि मजुरी मिळून ९०० रुपये, वजन साडेसात किलोच्या आत. या खुंट्या जांभ्यात दोन किलोच्या हातोड्याने जातात. काढताना वर ओढू नये. आकड्यात दुसरी खुंटी अडकवून आधी पिळायची, मग ओढायची.

आकडे जमिनीवर राहतात आणि अंधारात अंगठा फोडतात. प्रत्येकावर जुन्या रबरी चपलेचा तुकडा भोक पाडून बसवला आणि दोरीला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली. कंटाळवाणे काम आहे, मुलांकडून करून घ्यावे.

१४ डिसेंबर: दुसरी चाचणी, फक्त अंथरूण-पांघरूण

अंगण तेच. तीन तंबूंत तीन प्रकार.

योगाची चटई, सहा मिलिमीटर: घसरते. रात्रीतून मूल चटईवरून उतरते आणि कापडावर झोपते. शिवाय महाग.

गोधडी: मऊ, मुलांना सर्वांत आवडली. पण जमिनीची ओल पिते आणि दुसऱ्या दिवशी वाळत नाही. एका रात्रीच्या शिबिराला चालेल, दोन रात्रींना नाही.

पॅकिंगचा पांढरा फोम, दहा मिलिमीटर: यातच पैसे घालावेत. मडगावच्या बाजारात १.२ मीटर पन्ह्याचा रोल मीटरवर मिळतो. १.७ मीटर लांबीचे तुकडे करून ते उभे मधोमध कापले की ६० सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या होतात. २९ माणसांना २६ मीटर, ९० रुपयांनी २,३४० रुपये. पाणी पीत नाही, सकाळी फडक्याने पुसला की झाले. दोष एकच, गुंडाळी फार जाड होते. म्हणून पट्ट्या मुलांच्या पिशव्यांत न देता दहा-दहाच्या थप्प्या करून सुंभाने बांधल्या आणि बसच्या टपावर टाकल्या.

पांघरायला सोलापुरी चादर, खोळ करून. चादर आडवी दुमडायची, तळ पूर्ण शिवायचा, उघडी बाजू तळापासून गुडघ्यापर्यंत शिवायची. त्याच्या वर शिवली तर मुले आत अडकल्यासारखी करतात आणि रात्री लघवीला उठायचे टाळतात. चादरी घरच्याच, शिलाई ४० रुपये. खोळीत पाय उघडे पडत नाहीत, हाच तिचा सगळा फायदा. जोडीला एक सुती चादर, पहाटे अंगावर घ्यायला.

स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोजात घालून पायाशी ठेवण्याची युक्ती चालते, पण ती एकेरी पत्र्याच्या बाटलीतच. थर्मासची बाटली बाहेर ऊब सोडत नाही आणि थंड पेयाच्या प्लास्टिक बाटलीत उकळते पाणी ओतले की ती आक्रसून झाकणापाशी गळते. बाटली आधी उलटी धरून तपासायची.

१५ डिसेंबर: जागेची पाहणी

सकाळी गेलात तर जागा छान दिसते. पाहणी संध्याकाळी चार ते सात अशी करावी. सूर्य मावळला की खोऱ्यातली गार हवा उतरून ओहोळाच्या कडेला साचते. ओहोळापाशी उभे राहून मग बागेच्या वरच्या अंगाला शंभर पावले चढलात की फरक गालाला कळतो. तंबू त्या वरच्या मळीवर (सपाट जागेवर) ठरवले. पाण्यासाठी चालावे लागेल, ते बरे.

झाडाखाली दंव कमी पडते, म्हणून मोकळ्यावर तंबू नको. पण कुठलेही झाड चालत नाही. माडाखाली कधीच नाही, नारळ आणि झावळी दोन्ही न सांगता पडतात. पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचा रुंद पापुद्रा) हलकी वाटते, पण पन्नास फुटांवरून आली तर तंबूची कांब मोडते. आंब्याखाली सावली दाट, पण फांद्यांवर हुमल्यांची (झाडावरच्या मुंग्यांची) घरटी आहेत का ते मान वर करून पाहायचे. आंब्याच्या खोडाला दोरी बांधली की तांबड्या हुमल्यांना तंबूपर्यंत पूलच मिळतो. मळीच्या कडेला मत्तीची (ऐनाची) मोठी झाडे आहेत, बुंधे स्वच्छ. दोऱ्या तिथे. वाळक्या फांद्या त्याच दिवशी राखणदाराकडून उतरवून घेतल्या.

कुळागरात पाटाच्या पाण्याची पाळी असते. ती विचारली नाही तर तंबूत पाणी येते. राखणदार म्हणाला, "बाब, शनिवारी पहाटे आमची पाळी. तीनला पाट सोडतो. मळीवर पाणी येत नाही, पण वरची मेर पाझरते." मेर (बांध) बघून घेतली. पाझर कुठे निघेल ते सुकलेल्या गवतातल्या हिरव्या पट्ट्यावरून दिसते. त्या पट्ट्यापासून तंबू तीन मीटर दूर, अशा दगडी खुणा केल्या.

शौचालय घरमालकाचे आहे, दोन. हे नसते तर जांभ्यात चर खणायला टिकाव घेऊन दोन माणसे एक दिवस लागली असती, आणि चर ओहोळापासून किमान ६० मीटर लांब. शौचालय असलेलीच जागा घ्या.

फोनला रेंज मळीवर नाही, फाट्यावर आहे. एक मोटरसायकल दोन्ही रात्री किल्लीसह उभी ठेवायची. १०८ क्रमांक, बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), मडगावचे जिल्हा रुग्णालय आणि जवळचे आरोग्य केंद्र यांचे क्रमांक पुठ्ठ्यावर लिहून लावले. सर्पदंशावरचे प्रतिविष कुठे तयार असते हे आधीच फोन करून विचारून घेतले. या भागात मण्यार आहे आणि ती रात्री फिरते. म्हणून जमिनीवर उघड्यावर झोपणे बाद, तंबूची जाळीची चेन कायम बंद, बूट तंबूच्या आत.

१८ डिसेंबर: पालकांची बैठक

अर्धा तास जाकिटावर गेला. दुपारी ३२, पहाटे १५-१६, हे आकडे सांगितले तरी घरात आजी असली की जाड जाकीट येतेच. आम्ही पिशवीचे वजन सहा किलोपर्यंत ठरवले आणि वजनकाटा बसच्या दाराशी ठेवणार म्हणून सांगितले. त्याने काम झाले.

यादी अशी: पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट दोन, लांब विजार दोन, पातळ स्वेटर एक, कानटोपी एक. मोजे चार जोड, त्यातले दोन पांढरे. आणि वेगळ्या प्लास्टिक पिशवीत गाठ मारून झोपायचा संच: कोरडे बनियन, कोरडे मोजे, कोरडी विजार. हा संच दिवसा उघडायचा नाही. दिवसभर घामेजलेल्या कपड्यांत झोपलेले मूल पहाटे चारला उठते, मग त्याच्यावर चार चादरी टाका.

औषधे, ॲलर्जी, दमा, अंथरुणात लघवी होणे, झोपेत चालणे यांची नोंद पालकाकडून लेखी घ्यायची. तोंडी विचारले तर सगळ्यांचे उत्तर 'काही नाही'. कागद बंद पाकिटात मागितला तेव्हा पाच जणांनी काही ना काही लिहिले.

२१ डिसेंबर: गोचीड

सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा ताप गोचिडांमुळे होतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत, म्हणजे नेमका शिबिरांचा. आमची जागा सांगे तालुक्यात, तरी काळजी तीच घेतली.

वाळक्या पाचोळ्यावर बसायचे नाही, बसायला ताडपत्री. विजारीचे पाय पांढऱ्या मोज्यांत खोचायचे. पांढऱ्यावर गोचीड दिसतो, आणि पिल्लू गोचीड मोहरीपेक्षाही लहान असतो. उघड्या अंगाला कीटकरोधक मलम, घाम आला की पुन्हा. माकडतापाच्या भागात जाणार असाल तर आरोग्य केंद्रात विचारा, तिथे अंगाला लावायचे तेल मिळते. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचे.

तपासणी दिवसातून दोनदा, आंघोळीच्या वेळी: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, गुडघ्यामागे. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून धरायचा आणि सरळ वर ओढायचे, पिळायचे नाही. रॉकेल, काडी, चुना यांतले काही नको, त्यात वेळ जातो आणि गोचीड जास्तच चिकटतो. मग साबणाने धुणे आणि वहीत नाव, तारीख, जागा. परतल्यावर आठवडाभर तापाकडे लक्ष, कारण माकडताप चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत डोके वर काढतो.

२६ डिसेंबर: सामान

वर्षाअखेर गोव्यात बस मिळणे म्हणजे डोकेदुखी, सगळ्या गाड्या पर्यटकांना लागलेल्या. नोव्हेंबरात आगाऊ दिले होते म्हणून मिळाली, दोन्ही फेऱ्यांचे १०,००० रुपये.

तंबू सहा आपले, चार भाड्याचे, ३०० रुपये रात्रीला. भाड्याचे तंबू दुकानातच उभे करून घेतले. दोनांत कांब चिरलेली होती, जोडनळीच्या तोंडाशी. बदलून मिळाले. तरी दुरुस्तीला ॲल्युमिनियमच्या नळीचे वीतभर तुकडे आणि कापडी चिकटपट्टी बरोबर घेतली. विजेची काळी पट्टी दंवाने सुटते. चिरलेल्या कांबेचे काचतंतू बोटात जातात, हातमोजे घाला.

जेवण गॅसवरच, पाच किलोचे दोन सिलिंडर. शेकोटी एकच रात्र. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांवर आगी लागल्या होत्या, तेव्हापासून गावकरी धुराकडे संशयाने बघतात आणि ते बरोबर आहे.

२७ डिसेंबर: उभारणी आणि पहिली रात्र

दुपारी दीडला पोहोचायचे ठरले होते, पोहोचलो सव्वातीनला. सांग्यापर्यंत वर्षाअखेरच्या गर्दीत वेळ गेला. डिसेंबरात सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो आणि खोऱ्यात उजेड त्याआधीच जातो. दहा तंबू मुलांच्या हातून उभे व्हायला अडीच तास लागतात. शेवटचे दोन बॅटरीच्या उजेडात झाले आणि त्यांतलाच एक दगडी खुणेच्या आत सरकला. तो पुढे भिजला.

रात्री खतखते आणि उकडा भात ठरला होता. खतखत्याला काही झाले नाही: सुरण, रताळे, कणगी, शेंगा, तूरडाळ, खोबऱ्याचे वाटण, सोलां (आमसुले) आणि तिरफळ. तेल लागत नाही, त्यामुळे टोप राखेने निघतो. उकड्या तांदळाने मात्र घोळ केला. २९ माणसांना अडीच किलो, मोठा टोप, बारीक शेगडी. पाण्याला उकळी यायलाच पाऊण तास आणि नंतर तास उलटला तरी मधले शीत टणक. जेवण साडेनऊला. दुसऱ्या दिवशी तांदूळ दुपारपासून भिजत घातले, उकळीनंतर वीस मिनिटे ठेवून टोप उतरवला, झाकणावर वजन ठेवले आणि सगळा टोप दोन गोणपाटे आणि चादरीत गुंडाळून ठेवला. पाऊण तासाने भात मऊ, गॅस निम्म्याने वाचला. घाई असेल तर सरळ सुरय (न उकडलेला) तांदूळ घ्या.

पिण्याचे पाणी विहिरीचे, खळखळ उकळून. माणशी तीन लिटर पिण्याला धरले होते, दुपारी क्रिकेट झाल्यामुळे कमी पडले. चार धरा.

२८ डिसेंबर, पहाट

साडेपाचला बाहेर १५ अंश, तंबूत १८. तीनला पाट सोडला आणि चारच्या सुमारास सरकलेल्या तंबूत ओल चढली. फोमच्या पट्ट्यांमुळे मुले कोरडी राहिली, कोपऱ्यातल्या पिशव्या भिजल्या. तेवढ्यात त्या तंबूची एक खुंटी सुटली. ओल्या मातीत जाड सळीही धरत नाही. अशा ठिकाणी खुंटी आडवी पुरायची: वीतभर खोल चर, त्यात सळी आडवी, दोरी मधोमध, वर माती तुडवून.

तीन मुले थंडीने उठली. तिघांचाही झोपायचा संच गाठ मारलेलाच होता, उघडलाच नव्हता. रात्री दिवे मालवण्याआधी प्रत्येक तंबूच्या दाराशी 'बनियन बदलले का' हा प्रश्न विचारणे हे एका पालकाचे कामच ठरवायला हवे. उठलेल्या मुलाला आधी लघवीला पाठवायचे, मग कोरडे बनियन, मग गूळ-शेंगदाणे मूठभर, मग खोळ. या क्रमाने पंधरा मिनिटांत झोप लागते. आधी पांघरूण टाकले तर काही होत नाही.

बाहेर राहिलेले दोन जोड बूट दंवाने चिंब. आत वर्तमानपत्र कोंबून, काठीवर उलटे. दोनदा कागद बदलावा लागला.

२८ डिसेंबर, दिवस

न्याहारीला पेज आणि लोणचे. पोदेराकडून (पाववाल्याकडून) आदल्या दिवशी आणलेले उंडे (गोल पाव) सकाळपर्यंत चिवट झाले होते. तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकून गरम केले की खाण्याजोगे होतात. दुसऱ्या दिवसासाठी पाव आणूच नयेत.

दहाच्या भटकंतीत खाजकुयली. डिसेंबरात शेंगा वाळलेल्या असतात आणि लव वाऱ्यानेही उडते. चार मुलांचे हात आणि माना. पहिली प्रतिक्रिया चोळायची, तीच नको. पाणीही आधी नको. रुंद चिकटपट्टी कातडीवर दाबून उचलायची, दर वेळी नवा तुकडा, लव पट्टीला येते. मग साबण-पाणी. कपडे काढून वेगळ्या पिशवीत, दुसऱ्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. तंबूसाठी आणलेली चिकटपट्टी इथेच संपली. दोन रोल न्या.

शेकोटी: तीन मीटर गोल जागा मातीपर्यंत साफ, भोवती चिरे. ओहोळातले गोटे वापरायचे नाहीत, ओला दगड तापून फुटतो. दोन बादल्या पाणी, दोन ओली गोणपाटे, एक मोठा माणूस शेवटपर्यंत तिथेच. लाकूड भाटकाराकडून विकत, ६०० रुपये. रानातली एक काडी उचलली नाही. विझवताना पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी. हाताचा पालथा पंजा राखेवर धरून ऊब लागत नाही तोवर सोडायचे नाही.

पालकांबद्दल एक गोष्ट. शेकोटीपाशी पालक बसले की मुले गप्प होतात. आमच्यापैकी आगीवर पहारा देणारा सोडून बाकीचे भांडी घासायला गेले आणि पाच मिनिटांत आरडाओरडा सुरू झाला. म्हणजे सगळे ठीक.

दुसऱ्या रात्री थंडीने कोणी उठले नाही. फरक फक्त बनियनच्या प्रश्नाचा आणि तंबू कोरड्या जागी हलवल्याचा.

२९ डिसेंबर: आवराआवर

सूर्योदय सातच्या आसपास, पण पूर्वेला डोंगर, त्यामुळे मळीवर ऊन साडेआठनंतर. दहापर्यंत तंबूचे कापड ओलेच होते. बस दहाला बोलावली होती. ती दीड तास थांबवली आणि तरी चार तंबू ओले गुंडाळावे लागले. खोऱ्यात बस बाराच्या आत बोलावू नये. त्या वेळेत मुलांकडून खुंट्या मोजून घ्याव्यात. ४० पैकी ३९ मिळाल्या. शेवटची गवतात अर्धा तास शोधली, कारण भाटकाराची गुरे तिथे चरतात.

गोचिडांच्या नोंदी वहीत सात, पाच मुलांच्या. सगळे मोज्यांवर किंवा पोटरीला, रुतलेले दोनच.

३० डिसेंबर

चारही ओले तंबू दोरीवर, सावलीत. उन्हात टाकले तर आतला पाणीरोधक थर लवकर सुटतो. एकाच्या शिवणीत काळे ठिपके आले, म्हणजे ओला गुंडाळलेला तंबू रात्रभरही ठेवू नये. सौम्य साबण, मऊ स्पंज, ब्रश नाही. ठिपके फिके झाले, गेले नाहीत.

३ जानेवारी: हिशेब

बस १०,०००. जेवण आणि गॅस ८,१५०. भाटकाराला ३,०००. तंबूंचे भाडे २,४००. फोम २,३४०. औषधपेटी, सेल, मलम १,२५०. खोळींची शिलाई ९६०. खुंट्या ९००. लाकूड ६००. एकूण २९,६००. मुलामागे १,२०० प्रमाणे २८,८०० जमले होते, ८०० कमी पडले ते गटाच्या पेटीतून. फोम, खोळी, खुंट्या पुढच्या वर्षी लागणार नाहीत, तेव्हा मुलामागे शंभर-दीडशे कमी धरायला हरकत नाही. बसचा दर मात्र वाढेल.

फोमच्या थप्प्या माळ्यावर टांगून ठेवल्या. जमिनीवर ठेवल्या तर उंदीर कडा कुरतडतात.

६ जानेवारी

शेवटच्या तपासणीपासून आठ दिवस झाले. वहीतल्या पाचही घरी फोन केले. एका मुलाला ४ तारखेला ताप आला होता. डॉक्टरांना गोचीड चावल्याची तारीख दाखवली, त्यांनी रक्त तपासून घेतले. साधा ताप निघाला, उतरला. पान फाडून न टाकता वही औषधपेटीत ठेवली.